बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाहणीला जाताना

अगं, फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, गेल्या गेल्या साहेबांच्या केबिनमध्ये बसून 'तुमच्याकडं स्त्री-पुरुष समानता आहे का?' असं विचारू नकोस. 'आमच्याकडं सगळे सारखेच' एवढंच ऐकायला मिळेल.

आधी नोटीस बोर्ड बघ. कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखण्याच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती लागते, त्यात किमान निम्म्या बायका, एक सदस्य बाहेरचा. नेमणुकीचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो. एका कारखान्यात तो मला कपाटामागं सापडला. त्यातल्या अध्यक्षबाईंना आपण अध्यक्ष आहोत हेच ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं, कारण दोष त्यांचा नव्हता.

मग बायकांचं शौचालय बघ. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडं, ते विचार. सुपरवायझरच्या खिशात असेल तर तेच आधी टिपून घे. माझ्या मते त्यातच त्या कारखान्याची नजर कळते.

बायकांशी जेवणाच्या सुट्टीत बोल, डबा उघडल्यावर, मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्यांना जमेल तसं. वहीत नाव मात्र कुणाचंही लिहू नकोस.

निपाणीला घरी विड्या वळणाऱ्यांकडं जाशील तेव्हा ही प्रश्नावली चालणार नाही, वेगळी करू. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणची छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते, हे त्यांना सांगच.