पानगळीतलं पाटणादेवी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझं माहेर भडगावचं, सासर पुण्याचं. गेल्या मे महिन्यात मुलांना घेऊन चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेले होते. पोचेपर्यंत अकरा वाजले. दर्शन छान झालं, पण जंगल बघून मुलं हिरमुसली. डोंगर उघडे, झाडांच्या नुसत्या काटक्या, धबधब्याच्या जागी कोरडा काळा कडा. धाकटा म्हणाला, "आई, हे जंगल मेलंय का?" मला उत्तर देता आलं नाही. यंदा होळीला आठ दिवस माहेरी येते आहे. पुन्हा जावं, की पावसाळ्यापर्यंत थांबावं?
– एक माहेरवाशीण, पुणे

उत्तर : होळीलाच जा. आणि धाकट्याला नक्की घेऊन जा, कारण त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. चाळीसगाव तालुक्यात मी 31 वर्षं विज्ञान शिकवलं. दर फाल्गुनात आठवीच्या मुलांना घेऊन पाटण्याच्या रानात जायचे. तिथे पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी हेच विचारायचं. शेतकऱ्यांची पोरं विचारायची, मग पुण्यात वाढलेल्या मुलाने विचारलं तर त्यात नवल काय?

त्याला एखाद्या उघड्या फांदीचं टोक जवळून बघायला सांगा. तोडायचं नाही, नुसतं बोट लावायचं. पान जिथून गळालं तिथे लहानसा व्रण दिसेल आणि त्याच्या जरा वर तांदळाच्या कणीएवढी घट्ट मिटलेली कळी. पुढचं पान त्या कळीत आहे. झाड मेलेलं नाही, त्याने खर्च थांबवला आहे. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, चार महिने. पुढचे आठ महिने डोंगरावरच्या पातळ मातीत, खाली काळा पाषाण असताना, झाडाला तेवढ्याच ओलाव्यावर काढायचे असतात. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी सतत उडून जातं. म्हणून झाड पानातलं कामाचं सत्त्व आधी परत ओढून घेतं, देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरतं आणि मग पान सोडून देतं. पान आपोआप वाळून पडतं असं आपण म्हणतो खरं, पण ते झाडाने सोडलेलं असतं. हे एकदा कळलं की मुलं त्या काटक्यांकडे वेगळ्या नजरेने बघतात. मी हे दरवर्षी पाहिलं आहे.

मे महिन्यात अकरा वाजता पोचलात, तिथेच घोटाळा झाला. त्या वेळी आपल्या खान्देशात माणूस घराबाहेर पडत नाही, तर पाखरू का बसेल? फाल्गुनात पहाटे गेलात तर तेच रान ओळखू येणार नाही.

चाळीसगावहून पाटणा साधारण 18 किलोमीटर. निम्मं बघण्यासारखं याच रस्त्यावर आहे, म्हणून गाडी एकदम देवळाशी नेऊ नका. या दिवसांत कापसाची वावरं मोकळी झालेली असतात, उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर लागलेले असतात. गहू पिवळा पडलेला, कुठे दादर कापून टाकलेली. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, हे मुलांना सांगा; आजीच्या घरची भाकरी ती हीच, हेही सांगा. बांधावर बाभळी, हिवर, बोरी आणि मध्येच एखादा पळस पेटलेला. पळसापाशी थांबा, दहा मिनिटं. फुलातला रस प्यायला बुलबुल येतात, साळुंक्या येतात, शिंजीर येतात, आणि नशीब असेल तर भोरड्यांचा थवा कल्ला करत उतरतो. भोरड्या हिवाळ्यात दूरदेशाहून येतात आणि उन्हाळा तापायच्या आत परततात, त्यामुळे होळीला त्या निघण्याच्या तयारीत असतात. पळसाला तेव्हा एकही पान नसतं, आणि म्हणूनच ती फुलं लांबून दिसतात. सावर, पांगारा, पळस हे तिघं पानं टाकून फुलतात, त्यामागे पाखरांना बोलावण्याची ही सोय आहे.

अशाच एका बांधावर एकदा एक म्हातारी बोरं निवडत बसली होती. माझ्यामागे चाळीस पोरं बघून म्हणाली, "माय, आते काय शे तठे देखाले? पाणी पडू दे, मंग ये." मी खाली बसले आणि तिलाच विचारलं, की आता रानात काय असतं? मग ती बोलत राहिली. मोहाला कळ्या धरल्यात, आठ-पंधरा दिवसांत टपटप सुरू होईल. धावड्याचा डिंक आता निघतो. रोही रात्री गव्हात शिरतात म्हणून तिचा मुलगा माळ्यावर झोपतो. त्या दिवशी मुलांनी वहीत सगळ्यात जास्त लिहिलं ते तिचं बोलणं. रोही म्हणजे नीलगाय. आपण ती अभयारण्यात बघून खूश होतो, पण त्याच रोह्यांचा आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावराची काय गत करतो हे बांधावरच्या माणसाकडून ऐका. जंगल बघायला आलेल्याने जंगलाच्या शेजाऱ्याचं ऐकावं, असा माझा आग्रह आहे. तिच्याकडून बोरं घ्या, भाव करू नका.

पुढे वनविभागाचं नाकं लागतं. इथून गौताळा औट्रमघाट अभयारण्य. ते 1986 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र साधारण 260 चौरस किलोमीटर. थोडं आपल्या चाळीसगाव तालुक्यात, बाकीचं डोंगरापलीकडे कन्नडकडे. नाक्यावर नोंद करा, बाहेर पडायची वेळ विचारून घ्या आणि त्या आत निघा. इथे बिबट्या आहे, अस्वल आहे. दिवसा ती सहसा दिसत नाहीत, पण मुलांना पुढे पळू देऊ नका.

आत गेल्यावर मान वर करून डोंगराच्या धारेकडे बघा. सगळ्या करड्या रानात मध्येच पांढरीफटक, जणू चुना लावलेली खोडं दिसतील. तो कांडोळ. काही गावांत त्याला भुत्या म्हणतात, कारण चांदण्यात तो एकटाच चमकतो. पावसाळ्यात हिरव्या गर्दीत तो डोळ्याला लागत नाही, त्याला बघायचं ते पानगळीतच. कडेच्या खडकाळ उतारावर सालई. माझ्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी होती, वर्गात कधी बोलायची नाही. एका सहलीत तिने सालईच्या खोडावर सुकलेला चीक दाखवला आणि म्हणाली, "बाई, वास घ्या, देवाच्या धुपाचा आहे." खरोखर तसाच होता. सालईच्या चिकाचाच धूप होतो. पुस्तकातून मी ते झाड शिकले होते, पण त्याचा वास तिने शिकवला. त्या दिवसापासून सहलीत सगळ्यात पुढे ती चालायची आणि मी तिच्या मागे.

धावडा बघायला मात्र तुम्हाला जरा उशीर झालेला असेल. त्याची पानं थंडीत तांबूस होतात, होळीपर्यंत बहुतेक गळलेली असतात. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक त्याचाच, एवढं सांगितलं की आजी मुलांना पुढचं सांगतील.

उन्हं चढली की देवळाच्या सावलीत या. घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून न्या. हॉटेल शोधण्यात वेळ घालवू नका. जेवताना मुलांना सांगायची एक गोष्ट आहे. आज पाटणा म्हटलं की रानातलं देऊळ डोळ्यांपुढे येतं, पण आठशे वर्षांपूर्वी इथे नांदतं पाटण होतं, बाजारपेठ होती. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. त्याचा शिलालेख पाटण्याला मिळाला, शके 1128 चा, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मराठी येते. या पाटणात जो माल विकायला येईल, त्यावरचा कर मठाला दिला, अशी ती मराठी. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. ज्या मुलाला गणित नकोसं वाटतं, त्याला याच दगडांमध्ये बसवून हे सांगायचं. मी सांगत असे तेव्हा मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प व्हायची.

चारनंतर नदीपात्रात उतरा. पाणी डबक्यांपुरतं उरलेलं असतं, आणि त्यामुळेच ओल्या वाळूत रात्रीची सगळी ये-जा उमटलेली असते. साळिंदराचं काटेरी पिस सापडेल, रोह्याचे खूर दिसतील. डबक्याला मात्र घेराव घालून बसू नका. आपण उठेपर्यंत तहानलेलं जनावर झाडीत उभं असतं. पाच-दहा मिनिटांत बघून दूर व्हा.

आणि आगपेटी गाडीतच ठेवा. हे मी हात जोडून सांगते. एका वर्षी आमची सहल जायच्या दोन दिवस आधी कुणी तरी रानात चूल मांडून जेवण केलं आणि निखारे तसेच सोडले. आम्ही गेलो तेव्हा अख्खा उतार काळा होता. वनरक्षक आणि गावातली माणसं रात्रभर हिरव्या फांद्यांनी झोडपून ती आग विझवत होती. एकाच्या पायाला मोठे फोड आले होते. जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांचं काय झालं असेल, हे त्या वर्षी मुलांना मी सांगू शकले नाही. पानगळीत पायाखाली जो पाचोळा वाजतो, त्याचीच माती होणार असते, पण तोवर तो एका काडीची वाट बघत पडलेला असतो.

श्रावणातही जाच. धवलतीर्थ, केदारकुंड हे धबधबे तेव्हाच वाहतात, आणि तो सोहळा खराच मोठा आहे. पण गर्दीही तेवढीच असते. ओल्या कड्याच्या टोकाशी फोटोसाठी मुलांना उभं करू नका.

प्रश्न : वडिलांचं वय 70, गुडघे दुखतात. त्यांना पितळखोऱ्याची लेणी बघायची फार इच्छा आहे. पाटणादेवीहून वर चढून जाता येतं असं ऐकलं. नेऊ का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : पाटण्याकडून नका नेऊ. ती वाट दगडांची आणि चढाची आहे, तरण्या पायांची आहे. कन्नड घाट चढून वरच्या पठारावरून गाडीने जा. तिथून लेण्यांकडे पायऱ्या उतरतात. मात्र उतरलेल्या पायऱ्या परत चढायच्या असतात, हे वडिलांना आधीच सांगा. सकाळी लवकर जा, दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर बसू द्या, काठी आणि पाणी बरोबर असू द्या. त्यांना सगळं उतरणं झालं नाही, तरी वरून दरी दिसते, तेही पुष्कळ आहे.

उतरले तर जोत्यावरच्या हत्तींपाशी त्यांना निवांत बसवा. ही बौद्ध लेणी इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. दगड ठिसूळ, त्यामुळे पडझड खूप झाली आहे. इथे सापडलेला हसऱ्या चेहऱ्याचा बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, कण्हदास, आणि तो सोनार होता. माझे वडील सोनारकाम करायचे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली चिमटी खाली ठेवली आणि नाव पुन्हा उच्चारायला लावलं.

कड्याला आग्यामोहोळं असू शकतात. अत्तर लावून जाऊ नका, दगड भिरकावू नका, धूर करू नका.

प्रश्न : रानातून डिंक, मोहाची फुलं किंवा सीताफळाची रोपं घरी आणली तर चालतं का? थोडीशीच.
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : चालत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अभयारण्यातून परवानगीवाचून काही काढून नेता येत नाही, थोडंसुद्धा. मोहाचं तर आणखी एक आहे. फुलं पहाटे गळतात आणि ती वेचायला अस्वलही पहाटेच येतं. अंधारात झाडाखाली वाकलेला माणूस आणि वाकलेलं अस्वल समोरासमोर आले की दोघांनाही दुखापत होते. डिंक तालुक्याच्या बाजारात मिळतो. विकणाऱ्या बाईला तो कुठल्या झाडाचा, हे विचारून घ्या.

सीताफळाचं रोप आणायची गरजच नाही. अश्विनात बाजारातून चांगली मोठी फळं आणा, खा, बिया धुऊन सावलीत वाळवा आणि पाऊस लागला की बांधावर टोचा. त्याचा पाला शेळ्या तोंडात धरत नाहीत, म्हणून कुंपण लागत नाही. मी शाळेच्या आवारात अशाच बिया लावल्या होत्या. तीन-चार वर्षांत फळ धरलं.