कोरियन ड्रामा जगभर एवढे का आवडतात? हिरो देखणे असतात म्हणूनच का?

देखणा चेहरा बघून माणूस पहिला एपिसोड लावतो हे मान्य, पण सोळा-सोळा तास कुणी नुसतं तोंड बघत बसत नाही हो. माझ्या मते खरं कारण हे की तिथे गोष्ट लेखकाच्या हातात असते आणि ती संपते.

साधारण 16 एपिसोड, आठवड्याला दोन, आणि बऱ्याचदा सगळे एकाच हाताने लिहिलेले, तेही बहुतेक बाईच्या, कारण तिथल्या नावाजलेल्या ड्रामा-लेखकांत बायकाच जास्त आहेत. किम उन-सुक किंवा पार्क जी-उन या लेखिकांचा नवीन ड्रामा येतोय म्हटलं की हिरो कोण हे कळायच्या आधीच लोक वाट बघायला लागतात. आपल्याकडे टीआरपी आला की मालिका ताणत नेतात, मग कुणाची तरी स्मृती जाते, कुणीतरी मेलेलं परत येतं. तिथेही पूर्वी टेलिकास्टच्या दिवसापर्यंत शूटिंग चालायचं, एपिसोड वाढवायचे, पण 2016 चा 'डिसेंडंट्स ऑफ द सन' कोरियाबरोबर चीनमध्येही एकाच वेळी दाखवायचा म्हणून आधी पूर्ण शूट केला, आणि नंतर ओटीटी आल्यावर ती पद्धत वाढत गेली.

दुसरं म्हणजे छोट्या गोष्टींना दिलेला वेळ. 'रिप्लाय 1988' चा पहिलाच एपिसोड घ्या. सोलमधली एक गल्ली, जेवणाची वेळ, एक आई शेजारी भाजी पाठवते, तिकडून भांडं दुसरं काहीतरी भरून परत येतं, मग तिसऱ्या घरी, चौथ्या घरी, आणि पोरं वाट्या घेऊन नुसती इकडून तिकडे पळतायत. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे आपल्या चाळीत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याच एपिसोडमध्ये गल्लीतल्या एका घरातल्या मधल्या मुलीचा वाढदिवस दरवर्षी मोठ्या बहिणीच्याच केकवर उरकतात, मेणबत्त्या काढायच्या आणि परत लावायच्या, आणि त्या दिवशी ती फुटते, धाय मोकलून रडते. रात्री बाबा तिच्यासाठी वेगळा केक आणतो आणि म्हणतो की बाप होण्याची माझीही पहिलीच वेळ आहे गं. यात ना व्हिलन, ना कट-कारस्थान, तरी मी दरवेळी रडते.

आणि कोरियन ड्रामांचं हे वेड नेटफ्लिक्सवरच्या 'स्क्विड गेम'मुळे 2021 ला सुरू झालं असं समजू नका. 2003 मध्ये 'विंटर सोनाटा' जपानमध्ये लागला तेव्हा तिथल्या मध्यमवयीन बायका अक्षरशः वेड्या झाल्या, शूटिंग झालेल्या नामी बेटावर ट्रिपा काढून गेल्या. राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीची वैद्य होते ती 'ते जांग गम' ही मालिका इराणमध्ये घराघरात बघितली गेली. आणि आपल्याच मणिपूरमध्ये 2000 साली बंडखोरांनी हिंदी सिनेमे बंद पाडले त्यानंतर कोरियन चॅनल आणि सीड्या घरोघरी पोचल्या. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट कॉमन दिसते, आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना एकत्र बसून बघता येतं, कारण बऱ्याच रोमँटिक ड्रामांत हात धरायलाच चार-पाच एपिसोड जातात आणि त्या हात धरण्यालाच मग किंमत येते.

सगळेच चांगले असतात असं नाही, श्रीमंत मालकाचा मुलगा आणि गरीब मुलगी हे तिथेही घासून घासून गुळगुळीत झालंय. तुम्ही 'रिप्लाय 1988' पासूनच सुरुवात करा. पहिले दोन एपिसोड स्लो वाटतील, सोडू नका, आणि सबटायटल लावून मूळ आवाजातच बघा, त्या आयांची गल्लीभर ऐकू जाणारी हाक डबिंगमध्ये जाते.