चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या 'वाइफ ऑफ बाथ' या पात्राला स्त्रीवादी म्हणता येईल का?
पूर्णपणे नाही, पण बायकांची निंदा करणारी पुस्तकं लिहितं कोण, हा प्रश्न ती रोखठोक विचारते. यात्रेकरू एकेक कथा सांगतात त्या 'कँटरबरी टेल्स'मधलं तिचं प्रास्ताविक 856 ओळींचं, तिच्या कथेच्या दुपटीहून मोठं. त्यात पाचवा नवरा जँकिन तिला 'दुष्ट बायकां'चं पुस्तक वाचून दाखवत राहतो. शेवटी ती तीन पानं टराटरा फाडते आणि गालावर ठोसा मारून त्याला विस्तवात पाडते. तोही उठून तिच्या डोक्यात मारतो, ती एका कानाने कायमची बहिरी होते. सिंहाचं चित्र काढलं कुणी, सिंहाने की माणसाने, म्हणजे गोष्ट सांगणारा कोणत्या बाजूचा, हा तिचा सवाल याच भागातला. तो चुकवू नका. मात्र तिचे बरेच युक्तिवाद प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत जेरोमच्या स्त्रीद्वेष्ट्या लेखनातूनच उचललेले आहेत, आणि लिहिणारा पुरुष आहे. खुद्द बाईचा आवाज हवा असेल तर त्याच काळातली इंग्रज धार्मिक लेखिका ज्युलियन ऑफ नॉरिच वाचा.