काचेत पाणी मुरतं की काच झिजते?

प्रश्न थोडक्यात असा. संग्रहालयातल्या पाट्यांचा मराठी मजकूर तयार करताना ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या नैसर्गिक काचेच्या, पात्याखाली आणि एका रोमन बाटलीखाली 'काळाच्या ओघात पाणी काचेत मुरते व काच विरघळते' असं लिहिलं होतं. तपासनिसांनी 'मुरते' खोडून 'सजलीकरण होते' (म्हणजे पदार्थात पाणी सामावतं) केलं आणि 'विरघळते'च्या जागी 'झिजते' घातलं. कारण काय, तर काच पाण्यात विरघळत नाही हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. यात बरोबर कोण?

मी मूळ वाक्याच्या बाजूने आहे.

आधी 'विरघळणे'. काच विरघळते, फक्त फार सावकाश. १७६८-६९ मध्ये लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या बंद पात्रात पाणी घालून ते १०१ दिवस तापत ठेवलं. पाणी फार उकळलं की त्याची माती होते असा तेव्हा समज होता, कारण तळाशी गाळ उरायचा. दिवस भरल्यावर त्याने वजनं केली. पाणी होतं तेवढंच होतं, पात्र मात्र हलकं झालं होतं, आणि ही घट जवळपास गाळाच्या वजनाएवढी होती. म्हणजे गाळ आला तो काचेतून.

निव्वळ सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाची, काच घेतली तरी पाणी तिच्या अणूंच्या जाळ्यातले सिलिकॉन-ऑक्सिजनचे दुवे एकेक करून उघडतं आणि शेवटी सिलिसिक आम्लाचा रेणू सुटून पाण्यात जातो. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात असा काचरूप सिलिका शंभरेक मिलिग्रॅम मावतो. स्फटिकरूप क्वार्ट्‌झ मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच. पाणी अल्कधर्मी असेल तर वेग आणखी वाढतो. याला 'विरघळणे' नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? 'झिजणे' म्हटलं की डोळ्यांपुढे चप्पल येते, सहाणेवरचं चंदन येतं, देवळाची पायरी येते. भूगोलाच्या पुस्तकात खडकाची 'झीज' रासायनिकही असते, मान्य. पण पाटी वाचणाऱ्याला वाटेल की बाटली कुणीतरी घासली.

'वितळणे' मात्र चुकूनही नको. लोणी विरघळलं आणि लोणी वितळलं ही दोन्ही वाक्यं घरात खपतात, काचेच्या बाबतीत तेवढी सूट नाही. काच भट्टीत वितळते आणि पाण्यात विरघळते.

आता 'मुरणे', म्हणजे या प्रश्नातला माझा आवडता भाग. 'भिजणे' वरवरचं असतं. मुरण्यात काळ लागतो, पदार्थ आतून बदलतो, आणि बहुतेकदा देवाणघेवाणही होते: लोणच्यात मीठ फोडीत शिरतं आणि फोडीतलं पाणी बाहेर सुटतं. सोडा घालून केलेल्या काचेत नेमकं हेच घडतं. पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो, सोडियम बाहेर पडतं आणि पृष्ठभागाशी पाणी धरून बसलेला एक थर तयार होतो. बाहेर आलेल्या सोडियममुळे लगतचं पाणी अल्कधर्मी होतं आणि तेच मग जाळं विरघळवू लागतं. पावसाळ्यात गोदामात एकावर एक रचलेल्या तावदानांमध्ये ओल अडकली की पांढरे डाग पडतात ते यामुळेच. म्हणून तर दोन तावदानांमध्ये कागद घालतात. खिडकीच्या काचेवरचं पाणी वाहून जातं, म्हणून ती टिकते. 'कुठेतरी पाणी मुरतंय' हा वाक्प्रचार तावदानांच्या व्यापाऱ्याने शब्दशः घ्यावा असा आहे.

ऑब्सिडियनमध्ये विरघळण्यापेक्षा मुरणंच महत्त्वाचं. पात्याचा ताजा छिलका काढला की त्या क्षणापासून पाणी आत शिरू लागतं. हजारो वर्षांत हा थर जेमतेम काही मायक्रॉन जाड होतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो स्पष्ट दिसतो. फ्रीडमन आणि स्मिथ यांनी १९६० मध्ये त्याच्या जाडीवरून हत्यारांचं वय काढण्याची रीत मांडली. तापमान आणि काचेची घडण बदलली की वेगही बदलतो, त्यामुळे वयाचा आकडा बेतानेच घ्यावा लागतो. ऑब्सिडियनमध्ये पाणी भरपूर मुरलं की त्याचा परलाइट होतो. तो भट्टीत एकदम तापवला की आतल्या पाण्याची वाफ होऊन दाणा फुगतो, आणि रोपवाटिकेत कुंड्यांच्या मातीत मिसळतात ते पांढरे हलके दाणे मिळतात. बसाल्टी काचेत, म्हणजे बसाल्टचा लाव्हा झटकन थिजून झालेल्या काचेत, पाणी मुरून होणाऱ्या पिवळट-तपकिरी पदार्थाला सिसिलीतल्या पालागोनिया गावावरून पॅलागोनाइट म्हणतात. तो आपल्या दख्खनच्या कातळातही सापडतो.

'सजलीकरण' चुकीचं नाही. 'निर्जलीकरण' रुळलंय, तर त्याच्या उलटा शब्दही चालायला हरकत नाही. तारापूरला किरणोत्सारी कचरा बोरोसिलिकेट काचेत कोंडतात. ती काच पाण्यात किती वेगाने जाईल याचा अहवाल लिहायचा तर मीही 'सजलीकरण' लिहीन. पाटीसमोर मात्र सहलीला आलेली मुलं उभी असतात. एवढंच करा, दोन वस्तूंना दोन वाक्यं द्या. पात्याखाली: 'पृष्ठभागात पाणी मुरून तयार झालेल्या थरावरून याचे वय अजमावता येते.' बाटलीखाली: 'जमिनीतील ओलाव्याने काचेतील क्षार विरघळून गेले, उरलेल्या पातळ पापुद्र्यांमुळे हे इंद्रधनुषी रंग दिसतात.'