सेलेनाची स्पॅनिश आणि नातीचे मराठी

प्रश्न : माझी लेक टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथे राहते. दहा वर्षांच्या नातीला शाळेत सेलेना या गायिकेविषयी प्रकल्प करायचा होता. तेव्हा मला कळले की, जिचा तेथील मेक्सिकन-अमेरिकन समाज एवढा अभिमान बाळगतो, तिला लहानपणी स्पॅनिश बोलताच येत नव्हते. मग ती त्या समाजाची ओळख कशी ठरली? माझी नात तुकोबांचे अभंग सुरेल म्हणते, पण तिला मराठीत सलग चार वाक्ये बोलता येत नाहीत. म्हणून हा प्रश्न मनातून जात नाही.
— एक आजी, नाशिक

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. सेलेना किंतानिया १६ एप्रिल १९७१ रोजी टेक्ससमधील लेक जॅक्सन येथे जन्मली आणि इंग्रजी बोलतच वाढली. वडील अब्राहम स्वतः गायक होते. त्यांनी मुलांचा वाद्यवृंद उभा केला आणि स्पॅनिश गाण्यांतील एकेक शब्द तिच्याकडून घोकून घेतला. उच्चार आधी आले, अर्थ पुढे कळत गेला.

मात्र तिची पहिली भाषा इंग्रजी का झाली, हे पाहिल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. टेक्ससमधील मेक्सिकन वंशाचे लोक स्वतःला तेहानो म्हणवतात. १९६० च्या दशकापर्यंत तेथील अनेक शाळांत स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे, आणि ज्यांनी ती भोगली त्यांतील कित्येकांनी आपल्या मुलांवर तो प्रसंग येऊ नये म्हणून घरातही इंग्रजीच बोलायचे ठरवले. परिणामी पुढच्या पिढीतील पुष्कळ मुलांना आजीची भाषा कानाला ओळखीची, पण जिभेला अवघड झाली आणि ते अवघडलेपण अनेकांना लाजिरवाणे वाटू लागले. सेलेना याच मुलांपैकी एक होती. समाजाने तिला आपले मानले, याचे मूळ मला येथे दिसते.

मेक्सिकोत पत्रकारांसमोर बोलताना ती अडखळे, पण बोलणे टाळत नसे. एका मुलाखतीत चौदा या संख्येचा स्पॅनिश शब्द न आठवून तिने ‘दहा आणि चार’ अशा अर्थाचा शब्द स्वतःच जुळवला. आपल्याकडचे परदेशी वाढलेले मूल ‘एकोणसाठ’पाशी थांबते, तसेच हे. चाहत्यांनी तो चुकीचा शब्द आजही प्रेमाने जपला आहे, कारण ती चूक त्यांच्या घराघरांत होत आलेली आहे. तिचा सावळा वर्ण आणि काळेभोर केस हेही त्यांना आपलेच वाटले. स्पॅनिश दूरचित्रवाणीवर तेव्हा बहुतेक गोऱ्या चेहऱ्यांनाच मान असे.

तेहानो संगीतही मुळात मिश्र आहे. जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांकडून आलेला अकॉर्डियन आणि पोल्का, त्याच्या जोडीला बाखो सेक्स्तो हे बारा तारांचे वाद्य आणि कोलंबियातून आलेली कुंबिया ही लय, असा तो वारसा होता. सेलेनाने त्यात आपल्या वयाच्या मुलांना आवडणारे पॉप मिसळले. १९९४ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले. २६ फेब्रुवारी १९९५ रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये तिला ऐकायला साठ हजारांहून अधिक लोक जमले होते. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आतच, ३१ मार्चला, कॉर्पस क्रिस्टी येथे तिची गोळी घालून हत्या झाली. ती अवघी तेवीस वर्षांची होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये निघालेला, इंग्रजी आणि स्पॅनिश गाण्यांचा तिचा अल्बम अमेरिकेच्या विक्रीयादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. इंग्रजी श्रोत्यांनी स्वीकारले म्हणून ती मोठी झाली, असे काही जण मांडतात. मला ते पटत नाही. ॲस्ट्रोडोममधील तो जनसमुदाय त्या अल्बमच्या आधीचा आहे, आणि ज्या गाण्यांमुळे तो जमला ती स्पॅनिश होती.

आता आपल्या नातीविषयी. केवळ गाण्याने भाषा येते, असे सांगून मी आपली खोटी समजूत घालणार नाही. सेलेनालाही मोठेपणी स्पॅनिश मेहनतीने शिकावी लागली आणि लोकांशी बोलतच ती सुधारली. पण शिकायला बसली तेव्हा त्या भाषेतील शेकडो ओळी तिच्या गळ्यात आधीच होत्या. आपल्या नातीजवळ तुकोबा आहेत. पुढच्या वेळी फोनवर ती अभंग म्हणेल तेव्हा त्यातील एकाच शब्दाविषयी तिच्याशी मराठीत बोला, आणि ती तुटक वाक्यांत उत्तर देऊ लागली तर मध्येच दुरुस्त न करता तिला शेवटपर्यंत बोलू द्या.