कारखान्यात एकटाच सिस्टीम ॲडमिन आहे. ४० पीसी, एक विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली. आधीचा माणूस काहीच लिहून न ठेवता गेला. सुरुवात कुठून करू, अँटीव्हायरस कोणता घेऊ?

अँटीव्हायरसचा विषय आठवडाभर बाजूला ठेवा. आधी बॅकअपमधून डेटा परत येतो का ते बघा. बॅकअप रोज होतोय, एवढ्यावर थांबू नका.

मी एका कारखान्यात नवा असताना सर्व्हरची हार्ड डिस्क गेली. रोज रात्री ११ वाजता बॅकअप व्हायचा, सकाळी 'सक्सेसफुल' असा मेल यायचा आणि मी निर्धास्त असायचो. नवी डिस्क बसवून बॅकअप उघडला, तर टॅलीचं फोल्डर मार्चमधलं. एप्रिलमध्ये अकाउंट्सच्या लोकांनी डेटा डी ड्राइव्हवरून ई ड्राइव्हवर हलवला होता आणि बॅकअप जुन्याच फोल्डरचा चालू होता. ऑगस्ट उजाडला होता. अकाउंट्समधल्या दोघी जणी बिलांचे गठ्ठे समोर ठेवून सतरा दिवस व्हाउचर भरत बसल्या. त्यात चूक त्यांची काडीची नव्हती, आणि ते मला आजही लागतं.

म्हणून महिन्यातला एक शनिवार ठरवून टाका. रिकाम्या पीसीवर बॅकअप रिस्टोअर करा, टॅलीत कंपनी उघडा आणि अकाउंटंटना शेजारी बसवून आदल्या दिवसाचं शेवटचं व्हाउचर दाखवायला सांगा. नंबर जुळला की वहीत तारीख लिहा आणि किती वेळ लागला तेही लिहा. साहेब 'किती तासांत चालू होईल?' विचारतात, तेव्हा तो आकडा कामाला येतो. हे फक्त लहान ठिकाणी घडतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनीअरने चुकून चालू डेटाबेसच उडवला. तेव्हा कळलं, की त्यांचा रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि तो फसल्याचे मेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीवर, निभावलं.

बॅकअपची यूएसबी डिस्क सर्व्हरला कायमची लावलेली असेल तर ती आजच काढा. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तर सर्व्हरबरोबर तीही लॉक होईल. दोन डिस्क घ्या आणि आलटूनपालटून वापरा. एक लावलेली असताना दुसरी कारखान्याच्या बाहेर, मालकांच्या घरी कपाटात राहू द्या.

यानंतर राउटर उघडा आणि पोर्ट फॉरवर्डिंगचं पान बघा, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचे कोणते रस्ते उघडे आहेत ते कळेल. साहेबांना किंवा सीएंना घरून टॅली बघायची असते, म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून सर्व्हर वापरायचा, ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडून ठेवलेला असतो. आपल्याकडच्या लहान उद्योगांत मी हे इतक्यांदा पाहिलंय, की नव्या ठिकाणी गेलो की आधी तेच शोधतो. पटत नसेल तर सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअरमधला सिक्युरिटी लॉग उघडा आणि ४६२५ नंबरच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी गाळून बघा. ॲडमिन, टॅली, टेस्ट, अकाउंट्स अशा नावांनी दर काही सेकंदांनी कुणीतरी दार ठोठावत असतं, रात्री अडीच वाजतासुद्धा. पोर्टचा नंबर बदलून भागत नाही, शोधणारे सगळेच पोर्ट तपासतात. फॉरवर्डिंग बंद करा, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित रस्ता) लावा आणि त्याला ओटीपी जोडा. साहेब दोन दिवस कुरकुरतील. त्यांना तो लॉग दाखवा.

लॉगचा विषय निघालाच आहे, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२मध्ये काढलेले निर्देश वाचून घ्या. लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची आहे. सर्व्हरवरचा लॉग भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे ते नियमित दुसरीकडे उतरवून ठेवा.

विंडोजचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आधी तीन पीसींवर टाका, चार दिवस बघा, मग सगळीकडे. पुढे ढकलत राहिलं तर काय होतं हे १२ मे २०१७ला जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने दाखवलं. त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा तसे पीसी किती आहेत त्याची यादी मालकांच्या हातात द्या.

आता अँटीव्हायरस. विंडोजमध्येच असलेला डिफेंडर अपडेट होत राहिला तर तुम्हाला सुरुवातीला पुरेल, पण त्याची एक्स्क्लूजनची (म्हणजे तो तपासत नाही अशा फोल्डरांची) यादी उघडून बघा. क्रॅक सॉफ्टवेअर चालावं म्हणून कुणीतरी अख्खा सी ड्राइव्हच त्यात टाकलेला मी स्वतः काढलाय. ते सॉफ्टवेअरही काढा, आणि रोजच्या वापराच्या खात्यांचे ॲडमिनचे अधिकारही.

हार्डवेअरचं थोडक्यात सांगतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते, लोड लावून तपासा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पिवळं दिसलं की डिस्क लगेच बदला. एखाद्या जुन्या पीसीवर जीएसटी पोर्टल 'सुरक्षित नाही' म्हणत उघडेना झालं, तर इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी घड्याळ बघा. तारीख मागे गेलेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

हे सगळं एका आठवड्यात होणार नाही, पण राउटर आणि ती यूएसबी डिस्क आज घरी जायच्या आत बघा. पहिलं रिस्टोअर याच शनिवारी करा, आणि अकाउंटंटना आजच सांगून ठेवा की दुपारी तासभर थांबावं लागेल.