देवाची इच्छा मागताना आपली इच्छा कुठे ठेवावी?

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मी सावकाश वाचले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्याचा आशय आधी थोडक्यात सांगते. तुमच्या प्रार्थनागटातील एक तरुण, जो तुम्हाला ताई म्हणतो आणि ज्याच्या विश्वासाची वाढ तुम्ही जवळून पाहिली आहे, तो संडे स्कूलची जबाबदारी सोडून नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार आहे. त्याला देवाची इच्छा समजावी आणि त्याने तिच्याप्रमाणे चालावे, अशी प्रार्थना तुम्ही रोज करता. मात्र प्रार्थना करताना त्याने इथेच राहावे हे आपल्या मनात आधीच ठरलेले असते, हे तुमच्या लक्षात आले आहे. त्यातच गटाच्या प्रार्थनेत एका ज्येष्ठ सभासदांनी त्याच्या देखत ‘या भावाला जगाच्या मोहातून सोडव’ असे मोठ्याने म्हटले, त्या वेळी तुम्ही गप्प राहिलात, आणि तेव्हापासून तो गटात येत नाही. तुमची प्रार्थना खोटी आहे का, ती थांबवावी का, आणि त्याच्याशी बोलावे की केवळ गुडघे टेकून राहावे, असे तुम्ही विचारले आहे.

प्रार्थना थांबवू नका. ती खोटी नाही. तिच्यात दोन विनंत्या मिसळल्या आहेत, इतकेच. एक त्याच्यासाठी आहे आणि दुसरी तुमच्यासाठी. दुसरी विनंतीही लाजिरवाणी नाही. लहान भावासारखा वाटणारा माणूस दूर जाणार याचे दुःख होते, मुलांचा वर्ग कोण घेणार ही चिंताही खरी आहे, आणि या दोन्ही गोष्टी देवापुढे उघडपणे मांडता येतात. फक्त त्या तुमच्या नावाने मांडा. ‘प्रभू, त्याला तुझी इच्छा कळू दे’ या शब्दांच्या आड ‘त्याला माझे पटू दे’ ही मागणी दडली, की आपण देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. ती दडली आहे का हे तपासण्यासाठी मी एकच प्रश्न सुचवीन: पूर्ण प्रार्थना करून, वचन वाचून आणि पाळकांशी बोलूनही त्याने जाण्याचाच निर्णय घेतला, तर देवाने त्याला मार्ग दाखवला असे तुम्ही मानाल, की त्याला देवाची इच्छा कळलीच नाही असे म्हणाल? उत्तर दुसरे असेल, तर तुमच्या लेखी देवाला एकच उत्तर द्यायची मुभा उरली आहे.

आता प्रेषित पौलाने अशीच प्रार्थना कशी केली ते पाहा. कलस्सै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, म्हणजे कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, नवव्या ते बाराव्या वचनांत, तो ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो त्या मंडळीतल्या पुष्कळांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते (२:१). त्यांच्या विश्वासाची आणि प्रेमाची बातमी एपफ्रास नावाच्या सहकाऱ्याने त्याच्यापर्यंत पोहोचवली होती, आणि पौल त्या वेळी बंदिवासात होता. अशा अवस्थेत तो काय मागतो? आध्यात्मिक ज्ञान व समज मिळून त्यांना देवाच्या इच्छेची पूर्ण ओळख व्हावी, त्यांचे चालणे प्रभूला शोभेल असे असावे, प्रत्येक चांगल्या कामात त्यांना फळ यावे, देवाच्या ओळखीत त्यांची वाढ व्हावी, आनंदाने सहन करण्याचे आणि धीर धरण्याचे सामर्थ्य मिळावे आणि त्यांनी पित्याचे आभार मानावेत. कोणी कुठे राहावे, कोणता व्यवसाय करावा, कोणाशी लग्न करावे, यांतले एकही मागणे त्यात नाही. त्या माणसांच्या आयुष्यात हे प्रश्न नव्हते असे मानण्याचे काहीच कारण नाही. असे प्रश्न ज्याला सोडवायचे आहेत, तो माणूस आतून कसा घडावा, हे पौल मागतो.

हा फरक किरकोळ वाटेल, पण तुमची सगळी अडचण मला इथेच दिसते. ‘देवाची इच्छा’ म्हटले की आपल्यासमोर लगेच एखादा चौरस्ता उभा राहतो: जावे की राहावे, हो म्हणावे की नाही. नव्या करारात मात्र देवाची इच्छा अमुक आहे असे जिथे स्पष्ट सांगितले आहे, तिथे ती बहुतेक वेळा आपल्याला आधीच ठाऊक असलेली आणि पाळायला जड जाणारी गोष्ट असते. तुमचे पवित्रीकरण व्हावे ही देवाची इच्छा आहे, असे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात म्हटले आहे (४:३). त्याच पत्रात सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करण्याबद्दलही तसेच म्हटले आहे (५:१८). चांगले करून मूर्खांचे तोंड बंद करावे, हीही त्याची इच्छा असल्याचे पेत्र लिहितो (१ पेत्र २:१५). तुमचा तरुण मित्र कोणत्याही शहरात राहिला तरी या गोष्टी त्याला लागू आहेत. त्या मागताना तुमच्या मनात दुविधा राहण्याचे कारण नाही, कारण त्यांच्याबाबत देवाचे मत काय आहे याचा अंदाज बांधावा लागत नाही.

तो कोणाची फसवणूक करायला निघाला असता, कुटुंबाला वाऱ्यावर सोडत असता किंवा उघड पापात शिरत असता, तर माझे उत्तर वेगळे असते. तेव्हा मत्तय १८:१५ प्रमाणे एकांतात जाऊन त्याला त्याचा अपराध दाखवणे आणि गलतीकरांस ६:१ प्रमाणे सौम्यतेने त्याला ताळ्यावर आणणे हे तुमचे कर्तव्य ठरले असते. नोकरी बदलणे हा अपराध नाही. ज्येष्ठ सभासदांच्या प्रार्थनेने ही सीमारेषाच पुसली, असे मला वाटते.

तुमच्या प्रसंगाच्या सर्वांत जवळचा प्रसंग मला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात दिसतो. पौल यरुशलेमेकडे निघाला आहे. सोर येथील शिष्य आत्म्याच्या प्रेरणेने त्याला जाऊ नकोस असे सांगतात. पुढे कैसरीयात, फिलिप्पाच्या घरी, अगब नावाचा संदेष्टा येतो, पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि या कमरबंदाच्या मालकाला यरुशलेमेत असेच बांधतील असे सांगतो. हे ऐकून तिथले विश्वासणारेच नव्हे, तर पौलाचे सहप्रवासीही त्याला विनवू लागतात. या पुस्तकाचा लेखक लूक इथे ‘आम्ही’ असे लिहितो, म्हणजे विनवणाऱ्यांत तो स्वतःही आहे. तुम्ही रडून माझे मन का खचवता, असे पौल विचारतो. तो ऐकत नाही हे पाहिल्यावर प्रभूची इच्छा असेल तसे होवो, असे म्हणून सगळे गप्प होतात.

या माणसांचे प्रेम खरे होते आणि त्यांना मिळालेली माहितीही खरी होती, कारण पौलाला यरुशलेमेत खरोखरच बांधण्यात आले. पण संकट येणार या माहितीवरून त्याने जाऊच नये असा निष्कर्ष कैसरीयात काढला तो त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी. अगबाच्या तोंडी तसा शब्द नाही. आपल्याही बाबतीत हे पुष्कळदा घडते. एखाद्या भावाच्या वाटेतला धोका आपल्याला खरोखर दिसतो, प्रार्थनेत त्याचे ओझेही जाणवते, आणि त्या ओझ्याचा अर्थ मात्र आपल्या सोयीने लावला जातो. (पौलाने सोरच्या शिष्यांचे ऐकायला हवे होते, असे मानणारे वाचकही आहेत. तो वाद मी इथे मिटवू शकत नाही; पण तो वाद होतो, यावरूनच अशा बाबतीत दुसऱ्याच्या वतीने छातीठोक बोलणे किती अवघड आहे ते कळते.)

याच प्रवासाची आणखी एक बाजू आहे. निघण्यापूर्वी पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रार्थनेची कळकळीची विनंती केली होती (१५:३०-३२): यहूदीयातल्या अविश्वासणाऱ्यांपासून माझी सुटका व्हावी आणि देवाच्या इच्छेने मी आनंदाने तुमच्याकडे यावे. तो रोमला पोहोचला खरा, पण बंदिवान म्हणून, पहाऱ्यावरच्या शिपायासह. ज्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली असेल, त्यांनी असे आगमन नक्कीच डोळ्यांसमोर आणले नसेल. तुमच्या प्रार्थनेचा परिणाम त्याने नोकरी घेतली की नाही यावर मोजू नका, हे मी त्यामुळेच म्हणते. येत्या काळात तो अधिक सहनशील झाला का, अनोळखी ठिकाणीही विश्वासात टिकला का, आभार मानायला शिकला का, इकडे पाहा. आणि हे दिसायला वेळ लागतो.

तुमचे मत डावलले गेल्यावरही प्रार्थना चालू कशी ठेवायची, हे जुन्या करारातल्या शमुवेल संदेष्ट्याकडून शिकता येईल. लोकांनी राजा मागितला तेव्हा ती मागणी त्याला रुचली नव्हती. तरीही राजा गादीवर आल्यावर, लोक घाबरून आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणू लागले तेव्हा, तुमच्यासाठी प्रार्थना करण्याचे सोडून मी परमेश्वराविरुद्ध पाप करीन असे कधी न घडो, असे तो म्हणाला (१ शमुवेल १२:२३). त्या लोकांची मागणी तर खरोखरच चुकीची होती, तरीही तो थांबला नाही. तुमच्या मित्राची निवड चुकीची आहे हे तर अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

बोलावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर हो असे आहे. एकदा बोला आणि स्वच्छ बोला. ‘देवाने मला दाखवले’ अशी सुरुवात करू नका, कारण त्या वाक्यापुढे समोरच्याला मान डोलवण्याशिवाय किंवा बंडखोर ठरण्याशिवाय मार्ग उरत नाही. ‘मला वाटते’ असे म्हणा. त्याच्या जाण्याने तुम्हाला वाईट वाटते आहे, हेही सांगा. इतकी वर्षे ताई म्हणणाऱ्याला ते कळण्याचा हक्क आहे. नव्या ठिकाणी तो कोणत्या मंडळीत जाईल, कामाच्या वेळा उपासनेच्या आड येतील का, पैशांच्या ओढीने हा निर्णय झाला आहे का, हे प्रश्न मोठ्या बहिणीने विचारण्यासारखे आहेत आणि ते विचारल्याने त्याच्या स्वातंत्र्यावर गदा येत नाही. मग त्याचे उत्तर ऐका. कदाचित त्याने तुमच्या अपेक्षेपेक्षा अधिक प्रार्थना केली असेल. कदाचित घरची एखादी जबाबदारी असेल, जी त्याने गटात सांगितलेली नाही. उत्तर ऐकल्यानंतर तोच विषय पुन्हा पुन्हा काढू नका.

गटातल्या प्रार्थनेविषयी मला थोडे कडक बोलावेसे वाटते. डोळे मिटून, देवाला उद्देशून, पण शेजारी बसलेल्याला ऐकू जावे म्हणून उच्चारलेली प्रार्थना म्हणजे लेकी बोले सुने लागे असा प्रकार आहे. ज्याच्याविषयी ती होते त्याला उत्तर देता येत नाही, कारण प्रार्थनेच्या मध्येच बोलणार कसे? ज्येष्ठांचा हेतू वाईट नसेलही, परंतु त्या तरुणाचे म्हणणे न ऐकता त्याच्या निर्णयाला मोह ठरवले गेले आणि सगळ्यांनी त्यावर आमेन म्हटले. कोणाच्याही खासगी निर्णयासाठी नाव घेऊन प्रार्थना करण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारायचे, आणि काय मागावे तेही तिच्याकडूनच समजून घ्यायचे, एवढी शिस्त तुमच्या गटाने लावून घ्यावी. हे त्या ज्येष्ठांना चारचौघांत सांगू नका. पाळकांना सोबत घेऊन खासगीत सांगा.

मुलांच्या वर्गाचा प्रश्न या सगळ्यापासून वेगळा काढा. नवा शिक्षक मिळावा ही स्वतंत्र प्रार्थना आहे, आणि ती त्या तरुणाच्या माथी मारण्याऐवजी मंडळीने आपली म्हणून करावी. ती करताना ‘मला पाठवायचे असेल तर’ असे म्हणण्याचीही तयारी असू द्या. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हणायला प्रभूने शिकवले, तेव्हा ही विनंती ‘आमच्या पित्याला’ करायला सांगितली. तिच्यातून मागणारा स्वतःला वगळू शकत नाही.

रोजच्या प्रार्थनेसाठी शब्द हवे असतील, तर कलस्सैकरांस पत्रातली ती चार वचने समोर ठेवून एकेक मागणे त्याच्या नावाने करा, आणि प्रत्येकानंतर तेच मागणे स्वतःसाठीही करा. निर्णयाच्या जागी आलात की इतकेच म्हणा: ‘प्रभू, मला त्याने राहावेसे वाटते, हे तुला माहीत आहे, त्याला जे दाखवायचे ते तू दाखव, आणि ते स्वीकारायला मला मदत कर.’ तो गेल्यानंतरही हा क्रम मोडू नका. एपफ्रास स्वतः कलस्सैकरांपैकी होता, आणि त्यांच्यापासून दूर असताना त्यांनी देवाच्या सर्व इच्छेत परिपक्व होऊन खंबीर उभे राहावे म्हणून तो प्रार्थनेत झटत होता, असे पौल त्याच्याविषयी लिहितो (४:१२). दूर गेलेल्या माणसासाठी नेटाने प्रार्थना करणारे लोक थोडेच असतात. नव्या शहरातले पहिले काही महिने, ओळखीची मंडळी नसताना, त्याला त्यांचीच अधिक गरज पडेल.

सर्वांत आधी मात्र त्याला भेटा, आणि पुढच्या प्रार्थनासभेच्या आत भेटा. त्या दिवशी आपण गप्प राहिलो याबद्दल त्याची क्षमा मागा, आणि त्याच्यासाठी काय मागावे असे तुला वाटते, हे त्यालाच विचारा. तो गटात लगेच परत यायला तयार नसेल तर आग्रह करू नका.

प्रभूमध्ये तुमची,
सल्लागार ताई